नोकरी शोधणे हेही कामच आहे



१ मे हा दिवस आपण चार कारणांनी लक्षात ठेवतो. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. जगभर हा कामगार दिन म्हणून पाळला जातो. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी हाच दिवस कामगार संत योसेफ यांच्या सणासाठी ठरवून दिला. आणि १९९९ साली याच दिवशी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे श्रमाचा मान सांगणारा दिवस हाच आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस आहे. पण त्या दिवशीही चर्चच्या मागच्या बाकावर कोणीतरी गप्प बसलेला असतो. त्याच्याजवळ पदवी आहे, अंगात बळ आहे, पण हाताला काम नाही. त्याने हा दिवस कसा साजरा करावा?

आजचा पाठ त्याच्यासाठी आहे, तिच्यासाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही आहे. आम्हाला त्यात एकच गोष्ट सांगायची आहे: नोकरी शोधणे हे स्वतःच एक काम आहे. कामाला वेळ लागतो, हिशेब लागतो, सोबत लागते. तशी ती शोधालाही लागतात. नुसती वाट पाहणे म्हणजे चिकाटी नव्हे.

१. आधी आकडा समजून घेऊ

आपल्या जिल्ह्यात धानाची शेती आहे, राईस मिल आहेत, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता आहे, विडीकाम आहे, रेल्वेचे जंक्शन आहे. तरीही शिकलेल्या मुलामुलींच्या घरात बहुधा एकच शब्द ऐकू येतो, तो म्हणजे 'भरती'. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली आपण रोज पाहतो. ती पोलीस भरतीची तयारी करत असतात.

या भरतीचे आकडे घरात सर्वांना माहीत असले पाहिजेत. २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी जाहिरात निघाली. अर्ज आले दहा लाखांहून अधिक. एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर गेले. एका जागेमागे जवळजवळ शंभर.

आता शांतपणे विचार करू या. समजा, तलाठी परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने सारखीच मेहनत घेतली. तरीही दोनशेंपैकी एकशे नव्व्याण्णव जण घरी परतणारच होते. ते सगळे आळशी होते काय? सगळे नालायक होते काय? यादीत नाव आले नाही याचा अर्थ एवढाच की जागा थोड्या होत्या. तो त्या माणसाच्या लायकीचा निकाल नव्हे. पाऊस दगा देतो आणि पऱ्हे वाळून जातात, तेव्हा गावात कोणी त्या शेतकऱ्याला नावे ठेवत नाही. बियाणे मिळाले तर तो दुबार पेरणी करतो. शेतकऱ्याला आपण जी समज दाखवतो, तीच समज निकाल पाहून आलेल्या मुलालाही दाखवावी.

पण तोच आकडा दुसरी गोष्टही सांगतो. जिथे दोनशेंत एकाला जागा मिळते, तिथे घरचे सगळे बियाणे एकाच बांधीत टाकणे शहाणपणाचे नाही. भरतीची तयारी जरूर करावी. पण तोच एक मार्ग धरून बाकीचे सर्व मार्ग बंद करू नयेत.

२. रिकामा वेळ माणसाचे काय करतो?

काम नसले की वेळच वेळ असतो, असे आपल्याला वाटते. एका जुन्या अभ्यासाने याचे उत्तर शोधले आहे. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे सुमारे दीड हजार वस्तीचे एक गाव आहे. सारे गाव एका कापड कारखान्यावर जगत होते. १९२९-३० च्या मंदीत तो कारखाना बंद पडला. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९३३ साली तो प्रसिद्ध केला.

त्यांना काय दिसले? लोकांना भरपूर वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. पुस्तकांची वर्गणीही माफ झाली होती, तरी लोक वाचेनात. अभ्यासकांनी खिडकीत बसून घड्याळ लावून पाहिले, तर पुरुष रस्त्याने हळूहळू, थांबत थांबत चालत होते. दिवसभर काय केले, असे विचारले तर अनेकांना सांगता येईना. बायका मात्र भरभर चालत होत्या, कारण घरचे काम संपलेले नव्हते. पगार तर गेलाच होता, पण त्यासोबत दिवसाची घडीही विस्कटली होती.

त्याच गावात काही घरे मात्र खचली नव्हती. त्या घरांत साफसफाई नीट होती, मुलांकडे लक्ष होते, पुढचे बेत चालू होते आणि काम शोधणेही थांबलेले नव्हते. अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली आहे. या घरांत दरमहा येणारी रक्कमही इतरांपेक्षा थोडी जास्त होती. म्हणून 'मन घट्ट कर' एवढा उपदेश करून भागत नाही. धीर धरायलाही घरात थोडे धान्य लागते. यावरून आपल्याला दोन धडे घेता येतात: दिवसाची घडी मोडू देऊ नये, आणि शोध चालू असताना थोडी का होईना कमाई ठेवावी.

३. दिवसाची घडी कशी घालावी?

उठण्याची वेळ ठरवावी आणि ती पाळावी. नोकरी असती तर ज्या वेळी घराबाहेर पडलो असतो, त्याच वेळी आंघोळ करून, तयार होऊन शोधाच्या कामाला बसावे. सकाळचे तीन-चार तास अर्ज, अभ्यास आणि भेटीगाठींसाठी राखावेत. दुपारनंतर अर्धवेळ काम करावे. शिकवणी घ्यावी, दुकानात हिशेब लिहावा, घरच्या शेतात रोवणीला किंवा कापणीला हात लावावा. पदवीधराने रोवणी केली म्हणून पदवीला डाग लागत नाही. नाझरेथच्या सुताराच्या घरात हातांनी काम करण्याची कोणाला लाज वाटली नाही.

एक वही करावी. तिच्यात तारीख, कुठे अर्ज केला, कोणाला भेटलो, काय उत्तर आले आणि पुन्हा केव्हा विचारायचे, असे रकाने आखावेत. नोकरी मिळणे आपल्या हातात नाही, पण आठवड्याला पाच ठिकाणी जाणे आपल्या हातात आहे. म्हणून हिशेब आपल्या हातातल्या गोष्टींचा ठेवावा. शनिवारी वही उघडल्यावर पाच नोंदी दिसल्या, तर तो आठवडा वाया गेला असे कोणी म्हणू शकणार नाही. तीन महिने एकाच प्रकारच्या अर्जाला उत्तर येत नसेल, तर अर्ज कुठेतरी बदलायला हवा हेही तीच वही सांगते.

जायचे कुठे? जुने सेवायोजन कार्यालय आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र या नावाने ओळखले जाते. राज्य शासनाच्या महास्वयम् या संकेतस्थळावर नाव नोंदवावे. रोजगार मेळाव्यांच्या सूचना तिथे मिळतात. आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारीचा मार्ग सोडू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यांत शिकताना विद्यावेतन मिळते. आपले गोंदिया स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते, आणि तिथेही शिकाऊ उमेदवार घेतले जातात. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत ही उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखून ठेवल्या जातात.

खासगी कामाचेही हंगाम असतात. दिवाळीच्या सुमारास नवीन धान येऊ लागते आणि मिलची कामे वाढतात. मिलमध्ये काम हवे असेल तर त्याआधीच जाऊन भेटावे. तिरोड्याचा वीज प्रकल्प, २०१६ साली सुरू झालेले गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, खासगी दवाखाने, शाळा, वाहनांची दुरुस्ती केंद्रे यांपैकी आपल्या शिक्षणाला जुळणारे कोणते, ते ठरवून चौकशी करावी. कोणाला महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जावे लागेल, तर कोणाला रोज नागपूरची गाडी धरावी लागेल. गाव सोडणे ही हार नव्हे. मात्र जाण्यापूर्वी राहण्याची सोय, पगार आणि परतीच्या तिकिटाचे पैसे यांचा विचार घरी बसून करावा.

४. लाजू नका, लोकांना सांगा

नोकरी नाही हे सांगायला लाज वाटते. म्हणून मुलगा लग्नकार्याला जाणे टाळतो, मिस्सा संपताच मागच्या दाराने निघून जातो. नेमके हेच करू नये.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या एका शहरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारले की, ही नोकरी तुम्हाला कोणामुळे कळली? १९७३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या दर सहा जणांपैकी सुमारे पाच जणांना ती बातमी जवळच्या मित्राकडून मिळाली नव्हती. अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण सोपे आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असते, ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या कचेरीत, वेगळ्या गावात वावरतो.

आपल्या चर्चमध्ये रविवारी एकत्र येणारे लोक एकाच ठिकाणी काम करत नाहीत. एक बाक रेल्वेतला, दुसरा शाळेतला, तिसरा दवाखान्यातला असतो. त्यांना सांगा. मात्र 'माझ्यासाठी काहीतरी बघा' असे मोघम सांगू नका, ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. 'मी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण केला आहे, एक वर्ष काम केले आहे, नागपूरपर्यंत जायची तयारी आहे,' असे सांगा. ऐकणाऱ्याला ते आठवते आणि योग्य जागा दिसली की तो फोन करतो.

५. चिकाटी आणि हट्ट यांतला फरक

चिकाटीचा माणूस ध्येय धरून ठेवतो, पण वाट बदलायला तयार असतो. हट्टी माणूस एकच वाट धरतो आणि ध्येय विसरतो. आपले ध्येय काय? मानाने कष्ट करून घर चालवणे. तलाठी होणे ही तिथे जाणारी एक वाट आहे.

म्हणून मुदत ठरवावी. पोलीस शिपाई पदासाठी वयाची कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षे आहे. जाहिरात केव्हा निघेल ते आपल्या हातात नाही, वय मात्र थांबत नाही. किती वेळा प्रयत्न करायचा, त्यावर किती खर्च करायचा, आणि त्या काळात दुसरे कोणते कौशल्य शिकायचे, हे आईवडिलांसोबत बसून आधीच ठरवावे. २०२३ च्या तलाठी परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये शुल्क होते. त्यात प्रवास, पुस्तके आणि खोलीचे भाडे मिळवले, तर एका वर्षाचा हिशेब सहज निघतो. मुदत संपल्यावर वाट बदलली तर तो पळ काढणे नव्हे. भरतीसाठी केलेला अभ्यास आणि कमावलेले शरीर पुढेही उपयोगी पडतात.

६. घरच्यांची जबाबदारी

रोज संध्याकाळी 'काय झालं?' असे विचारू नका. झाले असते तर त्याने दारातूनच ओरडून सांगितले असते. त्याऐवजी 'आज कुठे गेला होतास? जेवलास का?' असे विचारा. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. मुलीच्या बाबतीत 'आता पुरे, लग्न करून टाकू' अशी घाई करू नका. तिचीही मुदत तिच्याशी बोलून ठरवा.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहा. घर हताश झाले की दलाल दारात येतो. 'वरपर्यंत ओळख आहे, इतके लाख द्या, ऑर्डर हातात देतो,' असे म्हणतो. शेत गहाण पडते, पैसे जातात आणि आलेली ऑर्डर खोटी निघते. सरकारी नोकरी पैसे घेऊन कोणाला देता येत नाही, आणि खरी कंपनीही नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. फोनवर किंवा ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त असते.

मनाकडेही लक्ष असू द्या. जून २०२१ मध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीची दीर्घकाळ वाट पाहणारा एक तरुण पुण्यात आपल्यातून गेला आणि सारा महाराष्ट्र हळहळला. आपल्या घरातला मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, कोणाशी बोलत नसेल, किंवा 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो' असे म्हणू लागला असेल, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा, शांतपणे ऐका. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे दिवसरात्र बोलता येते. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो, तसेच हेही समजावे.

७. संध्याकाळी पाच वाजताचे मजूर

संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आहे. तो आपण बहुतेक वेळा मजुरीच्या बाजूने वाचतो: उशिरा आलेल्यालाही पूर्ण नाणे कसे मिळाले? आज तो काम शोधणाऱ्याच्या बाजूने वाचू या. मालक पहाटे गेला, नऊ वाजता गेला, बाराला गेला, तीनला गेला. पाच वाजताही चौकात काही माणसे उभी होती. तुम्ही दिवसभर रिकामे का, असे त्याने विचारले, तेव्हा कोणी आम्हाला कामावर लावले नाही, असे त्यांनी सांगितले.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ती माणसे दुपारी निराश होऊन घरी गेली असती, तर पाच वाजता मालकाला भेटली नसती. आणि मालकाने त्यांचे उत्तर खरे मानले. 'तुम्हीच आळशी असाल' असे तो म्हणाला नाही. पहिली गोष्ट काम शोधणाऱ्याने शिकावी. दुसरी आपण उरलेल्यांनी शिकावी, विशेषतः ज्यांच्या हातात कोणाला तरी काम देणे आहे त्यांनी. तो मालक दिवसातून पाच वेळा चौकात गेला होता. आपण किती वेळा जातो?

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात कोणी काम शोधत आहे काय? गेल्या आठवड्यात आपण त्याच्याशी निकालाखेरीज कोणत्या विषयावर बोललो?

२. आपल्या कामाच्या ठिकाणी जागा रिकामी झाल्याचे कळते, तेव्हा ती बातमी आपण चर्चमधील तरुणांपर्यंत पोहोचवतो काय?

३. घरात मुदत, खर्च आणि दुसरे कौशल्य यांविषयी एकत्र बसून बोलणे झाले आहे काय?

या आठवड्यात करण्याजोगे

काम शोधणाऱ्याने एक वही आणावी, पहिल्या पानावर पाच ठिकाणांची नावे लिहावीत आणि शनिवारपर्यंत पाचही ठिकाणी जाऊन यावे. नोकरीत असलेल्याने एका तरुणाला किंवा तरुणीला घरी चहाला बोलवावे, तिचा अर्ज वाचावा आणि त्यातल्या चुका प्रेमाने दाखवून द्याव्यात. आईवडिलांनी एक दिवस तरी 'काय झालं?' हा प्रश्न गिळावा आणि ताट वाढून सोबत जेवायला बसावे.